खऱ्याहून उजळ : किटमधल्या क्रोमच्या भागांचं काय करायचं?

मोटारगाडीच्या प्लॅस्टिक किटचं खोकं उघडलं की बाकीच्या भागांपासून वेगळी ठेवलेली एक पिशवी हाताला लागते. तिच्यात चकचकीत स्प्रू असतो. बंपर, ग्रिल, हबकॅप, हेडलाइटच्या कड्या, आरसे, कधी कधी इंजिनाची झाकणंसुद्धा या एकाच चौकटीला लगडलेली असतात. उरलेलं किट पांढऱ्या किंवा करड्या प्लॅस्टिकचं. ते रंगवावं लागणार हे कुणी सांगावं लागत नाही. चकचकीत भाग मात्र तयारच वाटतात. कापायचे आणि चिकटवायचे, झालं! आणि नेमकं इथेच काम बिघडतं. सिमेंट धरत नाही. जिथून भाग कापला तिथे प्लॅस्टिकचा डाग उघडा पडतो. फेविक्विक वापरलं तर आसपासची चमक धुरकटते. हे सगळं निभावून गाडी पूर्ण केली, तरी ती खेळण्यासारखीच दिसते.

या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. तो चकचकीत थर कशाचा आहे आणि कसा बसवला आहे, हे आपल्याला माहीत नसतं. ते कळलं की कुठला भाग तसाच ठेवायचा, कुठला मंद करायचा आणि कुठल्या भागावरून तो थर पार उतरवायचा, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

या क्रोममध्ये क्रोमियम नाही

जुन्या मोटारींचा बंपर पोलादाचा असे. विजेच्या मदतीने त्यावर तांबं आणि निकेल चढवत आणि सर्वांत वर क्रोमियम. हा शेवटचा थर मायक्रोमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो. गंज थोपवण्याचं मुख्य काम खालचं निकेल करतं; क्रोमियम त्या निकेलला काळवंडू देत नाही आणि बंपरला ती ओळखीची निळसर झाक देतं.

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांच्यावरचा थर वेगळ्याच रीतीने चढतो. आधी अख्ख्या स्प्रूवर लाखेसारख्या गुळगुळीत रेझिनचा हात देतात. मग असे अनेक स्प्रू एका बंद टाकीत टांगून आतली हवा जवळजवळ संपूर्ण काढून घेतात. टाकीत टंगस्टनच्या तारांवर ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे अडकवलेले असतात. तारांमधून वीज सोडली की ॲल्युमिनियम वितळतं, त्याची वाफ होते आणि वाटेत अडवायला हवा नसल्यामुळे ती सरळ जाऊन समोरच्या भागांवर बसते. चारी बाजूंनी थर बसावा म्हणून स्प्रू फिरते ठेवतात. शेवटी रक्षणासाठी एक पारदर्शक हात. या रीतीला व्हॅक्यूम मेटलायझिंग म्हणतात. वेफर्सच्या पाकिटाच्या आतली चकाकी याच कुळातली. मोठ्या दुर्बिणींचे आरसेही असेच बनतात: १९३५ साली कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवरच्या १०० इंची हूकर दुर्बिणीच्या आरशावर चांदीऐवजी ॲल्युमिनियम चढवलं गेलं, ते कॅलटेकच्या जॉन स्ट्राँग यांनी विकसित केलेल्या निर्वात पद्धतीने.

म्हणजे किटमधलं ‘क्रोम’ हे प्रत्यक्षात ॲल्युमिनियम आहे, आणि तेही मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून पातळ. यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढची सगळी कारागिरी त्या तिघींवर उभी आहे.

पहिली, चमक. ॲल्युमिनियमचा स्वच्छ पृष्ठभाग त्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के परत फेकतो. क्रोमियम साधारण दोन तृतीयांशच. वरच्या पारदर्शक हातामुळे यात थोडी घट होते, तरी किटचा बंपर खऱ्या बंपरहून उजळ आणि पांढरट राहतो. मॉडेल खेळण्यासारखं दिसण्याचं मोठं कारण हेच.

दुसरी, जाडी. भागांवरचं बारीक नक्षीकाम बुजतं ते धातूमुळे नव्हे. धातूचा थर इतका पातळ आहे की तो काहीच बुजवू शकत नाही. बुजवते ती खालची लाख. तिचा थर वीसेक मायक्रोमीटरचा धरला, तर १:२५ प्रमाणाच्या मॉडेलवर तो खऱ्या गाडीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रंगाइतका होतो. ग्रिलच्या प्रत्येक दांडीवर दोन्ही बाजूंनी एवढा थर चढला, की मधल्या फटी अरुंद होणारच.

तिसरी, पकड. मॉडेलचं सिमेंट हे खरं तर द्रावक असतं. ते दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन मऊ करून एकमेकांत मुरवतं. मध्ये लाख आणि ॲल्युमिनियम आलं, की सिमेंट प्लॅस्टिकपर्यंत पोचत नाही. जोड बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सुटून हातात येतो.

एवढं क्रोम आलं कुठून?

मोटारींची किट घरोघर पोचली ती अमेरिकेत, पन्नाशीच्या दशकात. त्याच दशकात जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल आणि त्यांचे स्पर्धक गाड्यांवर क्रोम लादण्याची जणू शर्यत खेळत होते. मिशिगनमधली एएमटी ही कंपनी विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या १:२५ प्रतिकृती करत असे. १९५८ मध्ये तिने ‘थ्री इन वन’ किट बाजारात आणली. एकाच खोक्यातून कारखान्यातून निघाली तशी, सजवलेली किंवा शर्यतीची, अशी तिन्हींपैकी कुठलीही गाडी करता येई. सजवलेल्या हॉट रॉड गाड्यांत इंजिनाची झाकणं, एअर क्लीनर, एक्झॉस्टच्या नळ्या, अगदी सस्पेन्शनचे भागही क्रोमचे असत. त्यामुळे तेही चकचकीत स्प्रूवर आले आणि बरेच साचे पुढे दशकानुदशकं वापरले गेल्यामुळे तिथेच राहिले. कारखान्यातून निघाली तशी गाडी बनवणाऱ्याच्या वाट्याला मग असे भाग येतात, ज्यांवर खऱ्या गाडीत क्रोमचा ठिपकाही नव्हता.

पुढे अमेरिकेत १९७३ सालच्या गाड्यांपासून बंपरला ताशी पाच मैलांची धडक सोसण्याचा नियम लागू झाला. हळूहळू पोलादी बंपर जाऊन गाडीच्याच रंगाचे प्लॅस्टिकचे बंपर आले आणि क्रोमची सद्दी संपली. म्हणून आजच्या गाड्यांच्या किटमध्ये हा प्रश्न छोटा आहे. जुन्या गाड्यांच्या किटमध्ये तो अर्ध्या कामाएवढा आहे.

एक गाडी, चार धातू

उदाहरणाला १९५७ ची शेवरले बेल एअर घेऊ. हिची किट अनेक कंपन्यांनी काढली आणि मॉडेल करणाऱ्यांमध्ये तिची लोकप्रियता अजून टिकून आहे. सुमारे पाच मीटरची ही गाडी १:२५ मध्ये वीस सेंटिमीटरची होते. लांबून बघितली तर तिच्या अंगावर सगळीकडे ‘क्रोम’ दिसतं. जवळ गेलं की हिशेब बदलतो.

पुढचे-मागचे बंपर खऱ्या क्रोमचे: गडद, खोल, निळसर. दारांवरून मागे जाणारी पट्टी आणि खिडक्यांभोवतीच्या कडा स्टेनलेस स्टीलच्या: चमक आहे, पण जराशी उबदार आणि कमी खोल. मागच्या पंखावरचा तो प्रसिद्ध रेघारेघांचा त्रिकोणी पत्रा ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा: रुपेरी आणि मंद. आणि बेल एअरची खास खूण असलेली ग्रिलची जाळी चक्क सोनेरी. बॉनेटखालचा व्ही-८ इंजिनाचा ठोकळा तर शेवरलेच्या नारिंगी रंगात.

किटमध्ये यांतलं बरंच काही एकाच झळाळीत येतं, आणि बाजूची पट्टी बॉडीवरच कोरलेली असल्यामुळे तिला काहीच झळाळी नसते. मॉडेल करणाऱ्याचं काम हे चार धातू पुन्हा वेगळे काढायचं. त्यासाठी किटवरच्या चित्रापेक्षा खरी गाडी किंवा तिचे चांगले फोटो बघावेत. आपल्याकडे डोळा तयार करायला जुन्या गाड्यांची प्रदर्शनं आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण हौशी मालकांनी नीट ठेवलेल्या पद्मिनी अजून दिसतात. तिच्या बंपरकडे उन्हात नीट पाहा. वर आकाश, खाली रस्ता, आणि दोन्हींच्या मध्ये क्षितिजाची एक काळी रेघ. क्रोमचा स्वतःचा रंग फार थोडा. आपण बघतो ती भोवतालाची छबी. मॉडेलच्या बंपरवर साच्याच्या दोन भागांमधली उभट रेघ राहिली असेल, तर ती छबी तिथे मोडते आणि नजर लगेच तिकडे जाते.

ठेवायचे भाग

स्प्रूवरचा थर गुळगुळीत असेल, साच्याची रेघ दिसत नसेल आणि भाग अखंड असेल, तर तो तसाच ठेवावा. एवढा साफ आरसा घरी हाताने करणं सोपं नाही. हेडलाइटच्या आतल्या वाट्या आणि छोटे आरसे हे बहुधा ठेवायचे भाग.

कापताना निपर भागाला टेकवू नये. थोडा दांडा शिल्लक ठेवून तोडावा आणि उरलेला खुंट नव्या पात्याने पातळ पातळ तासावा. भोवती मास्किंग टेपचा तुकडा लावला, तर पातं घसरलं तरी ओरखडा टेपवर पडतो. काही जपानी किटमध्ये स्प्रूचा दांडा भागाच्या मागच्या किंवा खालच्या अंगाला जोडलेला असतो, म्हणजे कापल्याची खूण दिसणाऱ्या बाजूला येतच नाही. अशा भागावर दांडा कुठे संपतो आणि भाग कुठे सुरू होतो, हे तोडण्याआधी नीट बघून घ्यावं.

चिकटवण्याच्या जागेवरचा थर पात्याच्या पाठीने खरवडून प्लॅस्टिक उघडं करावं. खुंट्या आणि त्यांची भोकंही खरवडावीत, कारण लाखेमुळे त्या घट्ट झालेल्या असतात आणि जोर लावला की तुटतात. उघड्या प्लॅस्टिकला सिमेंटचा एक बारीक थेंब पुरतो. तो बाहेर ओघळला तर पृष्ठभाग खराब करतो. जिथे खरवडणं शक्य नाही तिथे इपॉक्सी, म्हणजे आपलं अराल्डाइट, किंवा भार नसलेल्या छोट्या भागाला फेविकॉलसारखा पांढरा गोंद. फेविक्विकच्या जातीचा गोंद सुकताना त्याची वाफ जवळच्या चकचकीत पृष्ठभागावर पांढरट पुटासारखी बसते. म्हणून दर्शनी भागाजवळ तो नकोच.

कापल्याच्या छोट्या खुणेला मोलोटो कंपनीचं लिक्विड क्रोम मार्कर सध्या सर्वांत सोयीचं. टोक टेकवून शाई खुणेवर सोडायची, घासायची नाही, आणि पूर्ण सुकेपर्यंत बोट लावायचं नाही. टामियाचा एक्स-११ हा चंदेरी रंगही चालतो, पण तो शेजारच्या आरशाहून करडा दिसतो. त्यामुळे कोपऱ्यातल्या, सावलीतल्या जागांपुरता ठेवावा.

मंद करायचे भाग

दुसरा गट मोठा असतो, आणि त्यातच थोडक्या कष्टात सर्वांत जास्त फरक पडतो.

ग्रिलपासून सुरुवात करावी. खऱ्या ग्रिलच्या फटींमागे रेडिएटरचा काळोख असतो. किटमध्ये तिथेही चमकच असते. काळा ॲक्रिलिक रंग भरपूर पातळ करून फटींमध्ये सोडायचा आणि वरच्या दांड्या ओलसर इअरबडने पुसून घ्यायच्या. एवढ्यानेच ग्रिलला खोली येते आणि लाखेने बुजलेल्या फटी पुन्हा रुंद वाटतात. इथे एनसी थिनर किंवा तसलं तेज द्रावक वापरू नये. ते वरचा पारदर्शक हात आणि खालची लाख दोन्ही उकलतं. कुठलाही नवा प्रयोग आधी स्प्रूच्या रिकाम्या दांड्यावर करून पाहावा. दांड्यावरही तोच थर असतो, आणि तो फेकायचाच असतो.

ॲल्युमिनियम किंवा स्टील दाखवायचं असेल, तर क्रोमच्या भागावर सेमी-ग्लॉस किंवा मॅट पारदर्शक वार्निशचा हलका फवारा. झळाळी मरते, पण धातूपण राहतं. नुसत्या चंदेरी रंगाने ते सहसा साधत नाही. पारदर्शक रंगांचा खेळ तर याहून मजेचा. मागच्या दिव्याच्या क्रोमच्या वाटीत टामियाचा एक्स-२७ हा पारदर्शक लाल भरला, की आतून परतणाऱ्या प्रकाशामुळे दिवा खरा वाटतो. इंडिकेटरसाठी एक्स-२६ हा पारदर्शक नारिंगी. क्रोमवर एक्स-१९ ‘स्मोक’चा पातळ हात दिला तर आधुनिक चाकांचं काळसर क्रोम मिळतं आणि उजळ बंपरही खऱ्याच्या जवळ येतो. बेल एअरच्या सोनेरी जाळीसाठी पारदर्शक पिवळ्यात नारिंगीचा एखादा थेंब मिसळून तो क्रोमवर द्यावा.

उतरवायचे भाग

दोन अर्धुकं जोडून होणारी एक्झॉस्टची नळी हा तिसऱ्या गटाचा नमुना. अर्धुकं जोडली की मधला सांधा भरावा आणि घासावा लागतो, आणि घासलं की क्रोम जातंच. साच्याची रेघ असलेले बंपर, पुटी भरावी लागेल असे खड्डे पडलेले भाग, आणि मुळात रंगवलेले असायला हवेत असे इंजिनाचे भाग, हे सगळे याच गटात.

थर उतरवणं सोपं आहे, कारण ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळतं आणि पॉलिस्टायरीनला अल्कलीने काही होत नाही. कपड्यांच्या द्रव ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट टिकावं म्हणून थोडा कॉस्टिक सोडा असतोच. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भाग बुडतील एवढं ब्लीच घेतलं, की काही मिनिटांपासून काही तासांत चमक नाहीशी होते. वेळ लागतो तो वरच्या पारदर्शक हातामुळे. ब्लीचला आत शिरायला वाट मिळावी लागते. पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा किंवा तो असलेला ड्रेन क्लीनर हेच काम झपाट्याने करतो, पण तो कातडी आणि डोळ्यांचा शत्रू आहे. रबरी हातमोजे आणि गॉगल हवेतच. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी ओतू नये. आणि स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं यासाठी कदापि घेऊ नये. जी क्रिया भागावरचा थर खाते, तीच पातेलंही खाईल आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडेल. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच यांची गाठ पडू देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन निघतो. खिडकी उघडी, मुलं लांब, आणि काम झाल्यावर वाहत्या पाण्यात भरपूर धुणं.

ॲल्युमिनियम गेल्यावर भागावर लाख उरते. ती गुळगुळीत असेल आणि भागावर बारीक नक्षी नसेल, तर राहू द्यावी. नाहीतर भाग पूर्ण धुऊन, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि जुन्या टूथब्रशने घासावा. हे अल्कोहोल ज्वालाग्राही आहे आणि ब्लीचशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल किंवा एनसी थिनर यांत भाग बुडवला, तर लाखेबरोबर भागही जाईल.

पुन्हा चमक आणायची तर

उघड्या झालेल्या बंपरवरची साच्याची रेघ घासावी, ओल्या वॉटर पेपरने ६०० पासून २००० नंबरापर्यंत चढत जावं, आणि साबणाने धुऊन प्रायमर द्यावा. त्यावर चकचकीत काळा. हा काळा हात म्हणजेच पुढचा आरसा. त्यात धुळीचा कण किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा राहिला, तर वरचं क्रोम तो झाकत नाही, उलट दाखवतं. पावसाळ्यात हवा दमट असताना लॅकर फवारला तर तो पांढरट पडतो, म्हणून कोरडा दिवस बघावा. काळा पुरता सुकल्यावर ॲलक्लॅडचं क्रोम एअरब्रशने, कमी दाबावर आणि अगदी पातळ थरांत. जास्त फवारलं की आरसा जाऊन चंदेरी रंग उरतो. असं क्रोम बोटांनी मंदावतं, म्हणून भाग टूथपिकवर बसवूनच काम करावं आणि तो गाडीला सर्वांत शेवटी लावावा.

बॉडीवर कोरलेल्या पट्ट्यांसाठी मात्र बेअर-मेटल फॉइलला तोड नाही. अतिशय पातळ आणि मागून चिकट अशी ही ॲल्युमिनियमची पन्नी रंग पूर्ण वाळल्यावर पट्टीवर अंथरायची, इअरबडने दाबून कडांत बसवायची, आणि अगदी नव्या पात्याने कडेकडेने कापून जास्तीची सोलून काढायची. बोथट पातं पन्नी फाडतं आणि जोर लावला तर रंगही चिरतं. बेल एअरच्या बाजूच्या स्टेनलेस पट्टीला हीच पन्नी शोभते, कारण तिची चमक बंपरच्या क्रोमहून वेगळी दिसते. मागच्या पंखावरच्या रेघारेघांच्या पत्र्यावर पन्नी लावून वर मॅट वार्निशचा एक हलका हात दिला, की ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम तयार.

स्प्रूवरचा पहिला भाग तोडण्याआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक भागाच्या क्रमांकापुढे लिहा: ठेवायचा, मंद करायचा की उतरवायचा. निर्णय एकाच प्रश्नावर करा. खऱ्या गाडीत हा भाग कुठल्या धातूचा होता? ज्याचं उत्तर माहीत नाही, तो भाग फोटो मिळेपर्यंत स्प्रूवरच राहू द्या.